चुकांसकट निळी मस्टँग

श्यामला गुप्ते रिटायर झाली आणि महिन्याभरातच तिच्या लक्षात आलं, की आपल्याला रिकामं बसता येत नाही. सगळा जन्म तिने इल्फर्डमधल्या एका लहानशा डेंटल लॅबमध्ये दात घडवण्यात घालवला होता. आसपासचे डेंटिस्ट जबड्यांचे साचे पाठवायचे आणि श्यामला त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून द्यायची. आता ते सगळं बंद झालं होतं. हात मात्र शिवशिवत राहायचे. बागेतल्या गुलाबांची तिने इतकी छाटणी केली, की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून काळजीने विचारलं, "झाडांना कीड लागलीय का?"

शेवटी तिने मोर्चा वळवला तो धाकट्या भावाच्या गॅरेजकडे.

शशी दोन गल्ल्या सोडून राहायचा. रेल्वेत सिग्नल इंजिनिअर, कामात चोख, बोलायला कंजूष, आणि गेली काही वर्षं एका गाडीच्या पार नादी लागलेला. गाडी म्हणजे एकोणसत्तर सालची अमेरिकन मस्टँग. लांबलचक नाक, आखूड शेपूट आणि पुढे भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन. लहानपणी असलीच एक निळी गाडी इल्फर्ड हाय रोडवरून गुरगुरत गेली, तेव्हा आईचा हात सोडून शशी तिच्यामागे धावला होता. आईने भर रस्त्यात दिलेला रट्टा श्यामलाला अजून आठवत होता. साठीला टेकल्यावर शशीने अॅरिझोनाच्या वाळवंटातून तसल्याच एका गाडीचा सांगाडा जहाजाने मागवला. त्याची बायको नीना त्या गाडीला 'सवत' म्हणायची. पण सवतीला थंडी बाधू नये म्हणून गॅरेजमध्ये हीटर नेऊन ठेवला तोही नीनानेच.

"ताई, तू इथे काय करणार?" शशीने गाडीखालून विचारलं.

"काहीतरी घासायला दे."

त्याने बोल्टांनी भरलेला एक डबा बाहेर सरकवला. तासाभराने बघतो तर प्रत्येक बोल्ट लखलखीत, आणि ताई डब्यात आणखी काही आहे का ते चाचपतेय. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये दोन स्टुलं आली.

भाऊबहीण दोघंही एका माळेचे मणी. रंगाचा थर किंचित जाड झाला तर तो परत काढायचे. एका वायरीचा पीळ मनासारखा बसेना म्हणून त्यांनी अख्खा रविवार घालवला. पुढच्या उन्हाळ्यात गाडी तयार झाली तेव्हा ती नुसती वरूनच नव्हे, खालूनही चकाकत होती. तिच्या पोटाखाली आडवं पडून भांग पाडावा, इतकी.

मग त्यांनी ती क्लबच्या स्पर्धेत नेली. केंटमधल्या एका मोठ्या कुरणात रांगेने जुन्या अमेरिकन गाड्या लागल्या होत्या. मस्टँगला धूळ लागू नये म्हणून शशीने तिला ट्रेलरवर चढवून, वर कापड पांघरून आणलं होतं. परीक्षक होते डंकन नावाचे एक उंच, हडकुळे स्कॉटिश गृहस्थ. गुडघ्यांना पॅड बांधून आणि टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. बराच वेळ खाली राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वाईट बातमी सांगायला आलेल्या डॉक्टरसारखा झाला होता.

"काम अप्रतिम आहे," ते म्हणाले. "पण मला मार्क कापावे लागतील. पुष्कळ."

"का? काय चुकलं?" शशी म्हणाला.

"काहीच चुकलेलं नाही, तीच अडचण आहे." डंकननी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघा, आम्ही एकच गोष्ट तपासतो. असेंब्ली लाइनवरून उतरली त्या दिवशी ही गाडी कशी दिसत होती? तेव्हा पोटाला नुसता तांबूस प्रायमर असायचा. वरचा निळा रंग मारताना कडांवर उडेल तो उडेल, कोणी पुसत बसत नसे. तपासनीस खडूने आकडे टाकायचे, तपासलेल्या नटबोल्टवर रंगाचा ठिपका द्यायचे. तुम्ही तर पोटाला आरसा करून ठेवलाय. इतकी सुबक गाडी जगातल्या कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडली नसेल."

शशीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना बहुधा वाईट वाटलं असावं. जाता जाता ते म्हणाले, "बेसिंगस्टोकमध्ये अशीच एक गाडी आहे. त्याच कारखान्यातली, जवळपास त्याच सुमाराची. आजवर कुणी हातही लावलेला नाही. मालकीण इंडियनच आहे. जाऊन बघा."

परतीच्या वाटेवर डार्टफर्डचा बोगदा येईपर्यंत शशी एक अक्षर बोलला नाही. बोगद्यात मात्र त्याचा बांध फुटला.

"चुका केल्या नाहीत म्हणून मार्क कापले! रेल्वेत असं केलं असतं तर मला जेलमध्ये टाकलं असतं!"

श्यामला खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. शशीला आधी वाटलं, रडतेय की काय. मग कळलं, ती हसतेय.

"ताई, हसण्यासारखं काय आहे यात?"

"अरे, मिसेस कॉनेलीची आठवण झाली." तिने डोळे पुसले. "मी नवीन होते लॅबमध्ये. तिची कवळी केली, एकदम परफेक्ट. सगळे दात एका ओळीत, मोत्यासारखे. तिने घातली आणि तिचा नवरा म्हणाला, ही कोण बाई आणली? माझी बायको कुठेय? मग मी तिचे जुने फोटो मागवले. समोरचा एक दात थोडा वळवला, एकाचं टोक घासलं, कडेला चहाचा हलका डाग दिला. परत घातली तर ती आरशात बघून रडायलाच लागली. म्हणाली, आले मी परत."

"मग?"

"मग काय! जन्मभर मी हेच केलं रे. लोकांना त्यांच्या चुका परत करून दिल्या. आणि तुझ्या गाडीपाशी आले नि साफ विसरले."

घर येईपर्यंत शशीच्या कपाळावरची आठी गेली होती.

बेसिंगस्टोकच्या त्या मालकिणीला श्यामलानेच फोन केला. सुरुवात इंग्रजीत झाली. नाव सांगताच पलीकडून आवाज आला, "गुप्ते? अय्या, म्हणजे तुम्ही मराठी? मी वैभवी पाटणकर, पुण्याची! या ना, मावशी. शनिवारी या, पोहे करते."

वैभवी तिथल्या बिझनेस पार्कमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. पस्तिशीची, आखूड केसांची, खळखळून हसणारी. तिची मस्टँग घरासमोर चेरीच्या झाडाखाली उघड्यावर उभी होती. टपावर पक्ष्यांनी केलेली घाण, मागच्या सीटवर बॅडमिंटनच्या रॅकेट आणि बटाट्यांची पिशवी. निळा रंग उन्हाने फिकट होऊन जुन्या जीन्ससारखा झाला होता. शशीने ते पाहिलं आणि फाटकाचा खांब धरला.

"तू हिला पावसातसुद्धा बाहेर ठेवतेस?" त्याने कसंबसं विचारलं.

"मग काय घरात घेऊ, काका?" वैभवी म्हणाली. "मला मशीनमधलं काही कळत नाही हो. आधीच्या म्हाताऱ्या मालकाने नुसती जपून चालवली, मीही तेच करते. मला हिचा आवाज आवडतो. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तेवढाच आधार."

श्यामलाने तिच्याकडून योगा मॅट मागून घेतली, ती गाडीच्या कडेला अंथरली आणि टॉर्च व दात तपासायचा छोटा गोल आरसा घेऊन सरळ आडवी झाली. गुडघे कुरकुरले, पण तिने लक्ष दिलं नाही.

खाली गेल्यावर ती बाहेर यायलाच तयार होईना.

धुळीच्या थराआड सगळं होतं तसंच होतं. तांबूस प्रायमर, आणि त्याच्या कडांवर धुक्यासारखा पसरलेला निळा रंग. एका ठिकाणी रंगाचा ओघळ, थेंब खाली पडायच्या आत वाळून गेलेला. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर पिवळा पट्टा, आणि तोही वाकडा, कारण दांडा फिरत असताना कोणीतरी नुसता ब्रश टेकवला असणार. एका आडव्या पट्टीवर मेणाच्या खडूने लिहिलेला आकडा, त्यातल्या सातला आडवी रेघ आणि शेवटी घाईचा फटकारा. आरसा तिरका करून तिने सांध्यात बघितलं तर तिथे भरलेल्या काळ्या लुकणावर चार बोटं उमटलेली. दाबून, ओढून, सोडून दिलेली.

श्यामलाने आपली बोटं त्यांच्यावर ठेवून पाहिली. त्या माणसाचा पंजा मोठा होता. करंगळी थोडी वाकडी. कोण असेल? दुपारच्या जेवणाची घंटा व्हायची वाट बघत असेल का? त्याला काय माहीत, की अर्ध्या शतकानंतर बेसिंगस्टोकमध्ये एक बाई आडवी पडून आपली बोटं बघत बसेल!

"शशी," तिने खालून हाक मारली, "इकडे ये. हा माणूस बघ."

"कोण माणूस?"

"ये तर."

तो सुटाबुटात आला होता, तरी कोट काढून शिरला. मग दोघं शेजारी शेजारी उताणे पडून कुजबुजत राहिले, लहानपणी चादरीच्या तंबूत पडायचे तसे. वैभवीने दोनदा पोह्यांसाठी हाक मारली. तिसऱ्यांदा तिने बशा गाडीखाली सरकवल्या.

खाणं झाल्यावर वैभवी म्हणाली, "तुमची कशी चालते हो, काका? क्लच जड आहे का?"

शशीने घसा साफ केला. "गॅरेजमधून ट्रेलरवर चढवतो. तेवढी चालते."

वैभवी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बटाट्यांची पिशवी उचलून दारात ठेवली आणि म्हणाली, "बसा दोघं. मला तसंही दूध आणायचंय."

दूध आणायला तिने हॅम्पशायरचा अर्धा भाग पालथा घातला. दोन्ही बाजूंनी उंच झुडपं असलेल्या अरुंद रस्त्यांवरून गाडी अशी काही गर्जत गेली, की कुंपणाशी चरणारे घोडे माना वर करून बघू लागले. चढावर वैभवीने पाय दाबला आणि श्यामलाची पाठ सीटला चिकटली. पुढे बसलेला शशी, ज्याला तिने त्याच्या लग्नातही मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, तो डॅशबोर्ड धरून लहान मुलासारखा ओरडत होता. काय ओरडत होता ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

इल्फर्डला परतल्यावर काम पुन्हा सुरू झालं, पण उलट्या दिशेने. चकाकी उतरवली. क्रोमचे बोल्ट काढून मूळच्यासारखे मळकट काळे बसवले. तळाला प्रायमर दिला. इथवर ठीक होतं. मग चुका करायची वेळ आली आणि शशीचा हात अडला. त्याने कडेवर निळा रंग फवारला तो पट्टीने आखल्यासारखा सरळ. ओघळ सोडले तर तेही सारख्या अंतरावर.

"हे ओघळ आहेत की पडद्याची झालर?" श्यामला म्हणाली.

"मला वाकडं येतच नाही, ताई."

"वाकडं नाही करायचं रे. घाई करायची. त्या माणसाला पुढची गाडी दिसत होती समोर."

मग तिने शक्कल लढवली. शशीला चाकांच्या फळीवर उताणं झोपवलं, हातात स्प्रे दिला, रेडिओवर धडाकेबाज भांगडा लावला आणि नीनाला बोलावून घेतलं. गाडी चार स्टँडवर उंच उभी होती. त्या दोघी शशीची फळी गाडीखालून या टोकाकडून त्या टोकाला ढकलायच्या आणि ओरडायच्या, "चल, चल, पुढची आली! बाजूचं राहू दे! हात चालव!"

"अगं थांबा! चष्म्यावर उडालं!"

"लाइन थांबत नाही!" नीना किंचाळली. एवढा उत्साह तिने या गॅरेजमध्ये आजवर कधी दाखवला नव्हता. "सवतीचे लाड पुरे झाले! मार!"

चौथ्या फेरीला शशीने विचार करणं सोडून दिलं. फळी बाहेर आली तेव्हा त्याच्या दाढीला निळा रंग लागला होता, आणि गाडीच्या कडांवर तेच धुकं उतरलं होतं, बेसिंगस्टोकला पाहिलेलं. एक ओघळ तर इतका झकास जमला होता, की तिघं बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने बघत बसली.

खडूचे आकडे श्यामलाकडे होते. तिने पुठ्ठ्यांवर भरपूर सराव केला, पण दर वेळी अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं यायचं. शेवटी एका दुपारी तिची मैत्रीण रेखा फोनवर कौन्सिलच्या पार्किंगबद्दल तावातावाने बोलत होती. श्यामला फोन खांद्यात धरून "हो ना, हो ना" करत गाडीखाली गेली आणि बोलता बोलताच आकडा टाकून मोकळी झाली. सातला आडवी रेघ, शेवटी फटकारा.

"रेखा," ती म्हणाली, "थँक यू हं."

"कशाबद्दल?" रेखाने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता पुन्हा पार्किंगवर घसरली.

बोटांचे ठसे मात्र श्यामलाने नकलून काढले नाहीत. सांध्यात लुकण भरलं आणि शशीला म्हणाली, "यावर आपली बोटं. आपणच जोडली ना ही गाडी?" चार शशीची, चार तिची. मार्क गेले तर गेले.

पुढची स्पर्धा एडिनबराजवळ होती. शशी ट्रेलर बुक करायला निघाला तेव्हा श्यामला त्याच्या वाटेत उभी राहिली.

"चालवत नेऊ."

"चारशे मैल? ताई, पाऊस असेल. चिखल असेल. इतकं करून—"

"शशी, तू त्या हाय रोडवर ट्रेलरमागे धावला होतास का?"

 शशी हळूच हसला.

पहाटे निघाले. पीटरबरापर्यंत शशीने चालवली, पुढे श्यामलाने किल्ली मागितली. आयुष्यभर छोट्या हॅचबॅक चालवलेली बाई त्या लांब नाकाच्या धुडामागे उशी घेऊन बसली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढे लॉरी असली की तिला पलीकडचं काहीच दिसायचं नाही. ते काम उजवीकडे बसलेल्या शशीचं. तो मान बाहेर काढून रेल्वेच्या भाषेत सिग्नल द्यायचा.

"रेड... रेड... अजून रेड... डबल यलो..."

"शशी, नीट सांग!"

"ग्रीन! ग्रीन, ताई, जा!"

आणि श्यामला पाय दाबायची. गाडी पुढे झेप घ्यायची, लॉरीवाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे, इतर गाड्यांतल्या मुलांचे हात खिडक्यांतून बाहेर यायचे. न्यूकॅसलच्या पुढे पावसाने झोडपलं. काचेचे वायपर नुसते पाणी इकडचं तिकडे करत होते. हायवेवरच्या एका सर्व्हिसेसवर थांबून त्यांनी थर्मासमधला चहा आणि नीनाने दिलेल्या धपाट्यांचा फन्ना उडवला. तेवढ्यात गाडीभोवती गर्दी जमली. कोणाच्या वडिलांकडे अशी गाडी होती, कोणाच्या भिंतीवर तिचं चित्र होतं. शशी, बोलायला कंजूष शशी, सगळ्यांना तांबूस प्रायमर समजावून सांगत होता.

एडिनबराच्या मैदानावर पोचले तेव्हा गाडी गुडघाभर चिखलात लोळून आल्यासारखी दिसत होती. रात्री मुक्काम करून सकाळी जमेल तितकं पुसलं. डंकन आले. पॅड बांधले, टॉर्च लावला, खाली शिरले. 

टॉर्चचा उजेड खाली इकडून तिकडे फिरत होता. मग एकदम हसू फुटलं. हसता हसताच डंकननी दुसऱ्या परीक्षकाला हाक मारली, मग तिसऱ्याला. गाडीखालून बुटांच्या तीन जोड्या बाहेर दिसू लागल्या.

"हा आकडा कुणी लिहिला?" डंकननी खालूनच विचारलं.

"मी," श्यामला म्हणाली. "फोनवर बोलत होते तेव्हा."

"आणि ही बोटं? ही तर दोन माणसांची आहेत!"

"आमची. ती मूळची नाहीत. मार्क कापा."

डंकन बाहेर आले. त्यांच्या कपाळाला चिखल लागला होता. "बोटांचा एक कापतो," ते म्हणाले. "चिखलाचे बरेच कापावे लागतील, नियमच आहे तो. पण बाई, एवढ्या वर्षांत मी इतकं छान वाईट काम बघितलेलं नाही."

पहिला नंबर ट्रेलरवरून आलेल्या एका लाल गाडीला गेला. शशी-श्यामलाच्या मस्टँगला दुसरा. शशीने बक्षिसाची चकती खिशात टाकली आणि विसरूनही गेला, कारण त्याच्यापुढे रांग लागली होती. डंकनची नात, चहाच्या गाड्यावरची बाई, लाल गाडीचा मालकसुद्धा. सगळ्यांना एक चक्कर हवी होती. लाल गाडीच्या मालकाने उतरताना शशीचा हात धरून विचारलं, "खरंच लंडनहून चालवत आणलीत?" आणि आपल्या ट्रेलरकडे असं काही बघितलं, की श्यामलाला त्याची दया आली.

श्यामलाने वैभवीला फोटो पाठवले. क्षणात उत्तर आलं, "मावशी, किती घाण केलीत गाडी! लव्हली!!"

दुसऱ्या दिवशी परत निघाले तेव्हा आभाळ लख्ख धुतल्यासारखं होतं. श्यामला चालवायला बसली. बेरिकच्या अलीकडे रस्ता समुद्राला लागला आणि डावीकडे निळं पाणी थेट क्षितिजापर्यंत पसरलं. शशी उजवीकडच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरत होता, दाढीत अजून निळ्या रंगाचा एक ठिपका. पुढे सरळ गेलं की मोठा रस्ता, रात्रीच्या जेवणापर्यंत घर. डावीकडे किनाऱ्याने जाणारी छोटी वाट, वळणावळणांची, कुठल्या कुठल्या कोळ्यांच्या गावांतून.

श्यामलाने भावाकडे एकदा बघितलं. त्याला उठवायचं काही कारण नव्हतं. तिने डावीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी किनाऱ्याच्या वाटेला घातली.